दोनशे छप्पन्नावी गाडी

दिवाळी सरून आठवडा झाला की राजूर घाट उतरल्यावर रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. ती फुलं नसतात. कापूस भरलेल्या गाड्या काठानं जातात, काटे ओरबाडतात आणि पुंजके तिथेच अडकून राहतात. पूर्वी बैलगाड्यांमधला कापूस अडकायचा, आता ट्रॅक्टर आणि पिकअपमधला अडकतो. बाभळीला त्याचं काही नाही. मला मात्र ते पुंजके दिसले की पोटात खड्डा पडतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते पित्ताची गोळी देतात. गोळी मी घेतो. पण हे पित्त नाही, हे मला बरीच वर्षं माहीत आहे.

यंदा पुंजके आणि नवा लॅपटॉप एकाच आठवड्यात आले. माझी सून वर्षा बुलढाण्यातल्या एका शाळेत शिकवते, गुणपत्रकांचं काम तिच्याकडे असतं. जुना लॅपटॉप थकला म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार मोठा हसरा.

"काकाजी, याच्यातली चिप वेगळी आहे," तो म्हणाला. "जुन्याच्या खानदानातलीच नाही. पण टेन्शन नका घेऊ, जुनं सगळं जसंच्या तसं चालते याच्यात."

जसंच्या तसं. मी काउंटर धरला. वर्षानं विचारलं, "बाबा, चक्कर येते का?" मी नाही म्हणालो.

घरी आल्यावर तिनं गुणपत्रकांचा जुना प्रोग्रॅम नव्यावर घातला, चार मुलांची नावं काढून पाहिली आणि खूश होऊन म्हणाली, "झालं, बरोबर येऊन राह्यलं."

"चारवर नको तपासूस," मी जवळजवळ ओरडलो. "सगळ्या मुलांवर तपास. शेवटच्या मुलापर्यंत."

ती माझ्याकडे बघत राहिली. या घरात माझा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. मग मी स्वतःच चष्मा लावून बसलो आणि जुन्या कागदावरचं एकेक नाव नव्या पडद्याशी ताडून पाहिलं. एकही चूक निघाली नाही. तरी मी सगळी नावं पुन्हा एकदा पहिल्यापासून ताडली. त्या दिवशी ठरवलं की आता हे लिहायचं.

महाराष्ट्र राज्याला तेव्हा पंचविसेक वर्षं झाली असतील. मी तिशी ओलांडलेला, नागपुरात संगणकाचा कोर्स करून परत आलेला, आणि जिल्ह्यातल्या एका सहकारी कापूस संघात संगणक विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि एक खोली. बुलढाण्याची हवा मुळात थंड, तरी त्या खोलीत एसी बसवलेला. बाहेर चपला काढून आत जायचं. संघाचे संचालकसुद्धा आत येताना देवळात शिरल्यासारखे हात जोडायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते हात यंत्राला जोडलेत की मला, हे मी फारसं वेगळं करत नसे.

संघाचं खरेदी केंद्र खाली मोताळ्याला होतं. तिथल्या गेटावर रशीदभाई होते. रोहिणखेडचे, पंचेचाळिशीचे, उंच, हाडकुळे, खिशात कायम खडू. संगणक येण्यापूर्वी पाळीचा सगळा कारभार त्यांचाच. सकाळी ते गाड्यांच्या रांगेतून चालत जायचे आणि प्रत्येक गाडीच्या चाकावर खडूनं आकडा टाकायचे. मग गेटावरच्या दगडावर उभं राहून पुकारा करायचे. भोंग्याची गरज नव्हती. "पंधरा नंबर, चाला! सोळा, बैल जुपा! सतरा, झोपले काय हो पाटील?" शेवटच्या गाडीवाल्यालाही त्यांचा आवाज ऐकू जायचा. चाकावरचा आकडा पुसला गेला तरी भांडण होत नसे. रशीदभाईंना अख्खी रांग तोंडपाठ असायची.

तो हंगाम डोळ्यांपुढे येतो तो वासानं. सरकीचा तेलकट वास, बैलांच्या शेणाचा, कडब्याचा, तीन दगडांच्या चुलीवर भाजलेल्या भाकरीचा. गाडीवाले गाडीखालीच झोपत, गाडीखालीच जेवत. मैलभर लांब पांढरी रांग. कापूस वेचून झाला तरी तो वजनकाट्यावर चढेपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर नसायचा. आभाळात एक ढग आला तरी सगळी रांग मान वर करून बघायची. भिजलेल्या कापसाला कोणी विचारत नाही. म्हणून पाळी म्हणजे नुसता नंबर नव्हता. पाळी लांबली की ढगाखालचा एकेक दिवस वाढत होता.

आमचं जुनं यंत्र आठ बिटचं होतं, कासवासारखं. ते बदलायचं ठरलं तेव्हा दोन विक्रेते आले. त्या काळात चिपची दोन मोठी घराणी होती आणि दोघांत चुरस लागली होती. गाण्यातल्या घराण्यांसारखंच, एकाची चीज दुसऱ्याच्या गळ्यातून नीट निघायची नाही. नागपूरहून आलेला वयस्क गृहस्थ जुन्याच घराण्यातलं पुढचं यंत्र घेऊन आला होता. हळू बोलायचा, यंत्रही फार पळणारं नव्हतं. "तुमच्या फायली आहेत तशा याला वाचता येतील," एवढंच त्याचं सांगणं. मुंबईचा टायवाला तरुण दुसऱ्या घराण्याचं यंत्र विकत होता. जुनं यंत्र अर्धा तास घ्यायचं ते काम त्यानं माझ्यासमोर चहा निवायच्या आत करून दाखवलं. मी भाळलो. असं यंत्र जिल्ह्यात कोणाकडेच नव्हतं, हेही मनात होतं. खरं तर तेच मनात होतं.

संघाचे अध्यक्ष शेतकरी माणूस, बैल विकत घेताना दात बघतात तसे प्रश्न विचारायचे. "दिवाळीपासून जुन्या मशीनवर सहाशेच्या वर गाड्यांची नोंद झालेली आहे," ते म्हणाले. "ते वाया तं नाही जानार?"

"नाही साहेब. जशीच्या तशी नव्यात येईल."

नागपूरचा गृहस्थ जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "घराणं बदलताय, हरकत नाही. पण आकडे मांडायची दोघांची रीत वेगळी आहे, तेवढं बघा." मला वाटलं, सौदा गेला म्हणून बोलतोय.

ती रीत काय, ते सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. यंत्रात लहान आकडा एका खणात मावतो. दोनशे पंचावन्नाच्या पुढे गेला की दोन खण लागतात. धान्य मोजताना आपण मोठी मापं किती आणि वर सुटं किती असं सांगतो, तसंच. मोठं माप दोनशे छप्पन्नाचं. जुनं घराणं आधी सुटं मांडायचं, मग मोठी मापं. नवं घराणं आधी मोठी मापं, मग सुटं. दोघांचंही चूक नाही. पण एकानं मांडलेलं दुसऱ्यानं आपल्या रीतीनं वाचलं तर दोनशे छप्पन्नाचा एक होतो, पाचशे बाराचे दोन होतात, आणि एकाचे दोनशे छप्पन्न.

मी दोन यंत्रांमध्ये तार जोडून नोंदी नव्यात आणल्या. पहिल्या शंभर गाड्यांच्याच नोंदी घेऊन तपासलं. क्रम अचूक होता. असणारच होता, शंभरापर्यंतचे सगळे आकडे सुट्यात बसणारे, सगळेच सारखे फुगले आणि आपापसातला क्रम तोच राहिला. शंभरवर मी थांबलो. तीनशेपर्यंत गेलो असतो तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण यंत्रापुढे नारळ फोडायला अध्यक्ष येऊन उभे होते, आणि टिळा लावून घ्यायची मला घाई होती.

खरेदीच्या पहिल्या दिवशीची यादी आदल्या संध्याकाळी छापून जीपनं मोताळ्याला गेली. यादीत गाडीचा नंबर, नाव, गाव, सगळं बरोबर छापलेलं. नंबर आणि नावं अक्षरांसारखी ठेवलेली होती, आणि अक्षरं दोन्ही घराणी सारखीच वाचतात. कोणामागे कोण, एवढंच वेगळ्यानं दोन खणांत ठेवलेल्या पाळीच्या आकड्यावरून ठरत होतं.

सकाळी फोन वाजला. रशीदभाई.

"साहेब, यादी गडबड वाटून राह्यली. पह्यली गाडी दोनशे छप्पन नंबरची लिहेल आहे. मंग पाचशे बारा. मंग एक."

"मग?"

"दोनशे छप्पन माह्या मेहुण्याची गाडी आहे साहेब. कादिरची. मी त्याले सगळ्यायच्या आधी पुकारलं तं लोक मले काय म्हनतीन? जुन्या रांगेनं घेऊ काय? मले पाठ आहे सगळी."

मला राग आला. नव्या यंत्राच्या पहिल्याच दिवशी खडूवाला माणूस मला रांग शिकवणार! मी म्हणालो, "रशीदभाई, यादी मशीननं काढली आहे. मशीनला तुमचा मेहुणा माहीत नाही. एक ओळ इकडची तिकडे करायची नाही. आहे तशी वाचा."

 मग ते म्हणाले, "तुमी म्हनता तं वाचतो."

त्यांनी वाचली. दगडावर उभं राहून, नेहमीच्या आवाजात, मैलभर ऐकू जाईल असं स्वतःच्या मेहुण्याचं नाव पहिलं पुकारलं. तो पुकारा मी ऐकलेला नाही. तरी तो मला जितका ऐकू येतो तितका ऐकलेला एकही आवाज येत नाही.

तासाभरात अध्यक्षांचा निरोप आला, ताबडतोब खाली या. जीपमध्ये बसताना मी यादीची कार्बन प्रत बरोबर घेतली. राजूर घाटात वळणावळणाला जीप कलत होती आणि मी वाचत होतो. दोनशे छप्पन्न, पाचशे बारा. एक, दोनशे सत्तावन्न, पाचशे तेरा. दोन, दोनशे अठ्ठावन्न, पाचशे चौदा. तिसऱ्या वळणावर कळलं. मोठी मापं आणि सुटं उलटं वाचलं गेलं होतं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "पानी येते काय साहेब?"  खाली पोचेपर्यंत काय बोलायचं ते मी मनात जुळवलं होतं: चूक माझी आहे, तासाभरात नवी यादी देतो. एवढंच वाक्य. घाट संपला तेव्हासुद्धा ते माझ्या तोंडात होतं.

गेटावर रशीदभाईंभोवती कडं झालं होतं. चाळीस नंबरचे किसनराव सगळ्यांत पुढे. त्यांची पाळी पहिल्याच दिवशी यायची. यादीत ते एकशे विसावे होते.

"काऊन बे रशीद, पाव्हन्याले पह्यला नंबर अन् आमी काय ढगाखाली मरावं?"

"दहा वर्सं इमानदारीचं नाटक केलं यानं!"

"मशीन आलं तं समजलं होतं आता तरी वशिला बंद होईन. यानं तं मशीनच्या नावावर सुरू केला!"

कादिर आपल्या बैलांच्या दाव्याला धरून उभा होता. पहिला नंबर मिळालेला तो माणूस मरणाचा घाबरला होता. ढगांकडे बघून कोणी गाड्यांवर गोणपाट टाकत होतं, कोणी शिव्या देत होतं. अध्यक्षांनी मला बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मशीन बरोबर आहे नं?"

आदल्या दिवशी लावलेल्या टिळ्याचं कुंकू अजून माझ्या कपाळावर असावं. मी म्हणालो, "हो. मशीन बरोबर आहे."

हे वाक्य खरं होतं. मशीन बरोबरच होतं. दोन्ही मशीनं बरोबर होती.

"मंग कागद कोनं हालवला?"

रशीदभाई माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना खात्री होती. "साहेबाले इचारा," ते म्हणाले. "मी सकाळीच फोन केलता. यादी गडबड आहे म्हनून मीच सांगतलं होतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रशीदभाईंच्या हातातला छापील कागद कोणी मागून पाहिला नाही, आणि कार्बन प्रत मी खिशातच ठेवली. मी म्हणालो, "फोन आला होता. पण लाइन खराब होती. मला काही ऐकू आलं नाही."

इतकंच. मी त्यांच्यावर आरोप केला नाही, कागद त्यांनी बदलला असं एका शब्दानंही म्हणालो नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत याच वाक्यानं घातली.

दुपारी वर बुलढाण्याला जाऊन मी प्रोग्रॅममध्ये दोन खण उलटे करणारी ओळ घातली. एक ओळ. दुसऱ्या दिवशी यादी सरळ आली. एक, दोन, तीन. आणि ती सरळ यादीच रशीदभाईंविरुद्धचा पुरावा झाली. साहेबांनी स्वतः काढली तर बरोबर, याच्या हातात गेली तर उलटी. कादिरची गाडी रांगेच्या शेवटी पाठवली. रशीदभाईंना गेटावरून काढून सरकीच्या गोदामात टाकलं. तिथं ते महिनाभर राहिले आणि एक दिवस खडू टेबलावर ठेवून गावी निघून गेले. पाऊस त्या वर्षी आलाच नाही, दोन दिवस नुसते ढग राहिले. कोणाचा कापूस भिजला नाही. रशीदभाईंना मात्र मोताळ्याच्या आठवडी बाजारात लोक "दोनशे छप्पन" म्हणू लागले. भाजीची टोपली घेऊन बसले की कोणीतरी म्हणायचं, "पाव्हना असला तं पह्यले देशीन नं भाऊ?" मी एकदा ते ऐकलं. मेथी न घेताच परतलो.

पुढे यंत्रं बदलत गेली. दर वेळी नवी चिप, नवी चुरस, कोण कोणाला सामावून घेतं याची चर्चा. मी प्रत्येक बदलाच्या वेळी शेवटच्या नोंदीपर्यंत तपासायचो. सहकारी म्हणायचे, साहेब फार काटेकोर. निवृत्तीच्या भाषणात कोणीतरी "यांच्या हातून कधी चूक झाली नाही" असंही म्हणालं. टाळ्या वाजल्या. मी पाण्याचा पेला तोंडाला लावून बसलो.

दोन खण सारखे असतील तर आकडा बदलत नाही. दोनशे सत्तावन्न दोन्हीकडून वाचला तरी दोनशे सत्तावन्नच. ती गाडी कोणाची होती, मला आठवत नाही. पण अशी माणसं असतात, कोणत्याही घराण्याच्या हाती दिली तरी तीच राहतात, एवढं त्या हंगामानंतर मला कळलं. मी त्यांतला नव्हतो.

लॅपटॉप आला त्याच्या पुढच्या रविवारी मी एसटीनं मोताळ्याला उतरलो आणि रिक्षानं रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत कोणालाही विचारलं तरी घर सापडलं. एक जण म्हणाला, "कोन, दोनशे छप्पन काय?" त्याला हा आकडा कुठून आला हेही ठाऊक नसावं. वयानं तो त्या हंगामानंतरचा.

रशीदभाई ओट्यावर खाटेवर बसले होते. आता पंच्याऐंशीच्या आसपास. त्यांनी मला ओळखलं. सून आतून पाणी घेऊन आली. मी खुर्ची जवळ ओढली, गल्लीकडे पाठ केली आणि खालच्या आवाजात म्हणालो, "रशीदभाई, त्या यादीची चूक माझी होती."

त्यांनी कानाला हात लावला. "ऐकू येत नाही साहेब. जरा जोऱ्यानं."

मी आवाज वाढवला. "यादीची चूक माझी होती!"

"काय?"

समोरच्या ओट्यावर बिडी वळणारे दोघे थांबले.

"कागद तुम्ही हलवला नव्हता! मशीनमध्ये नोंदी मी चुकीच्या भरल्या होत्या!"

"आखीन जोऱ्यानं बोला. अन् तिकडे काय पाहून राह्यले? इकडे पहा."

गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती.  घाटात तोंडातच राहिलेलं ते वाक्य मी आता गल्लीभर ओरडत होतो. दोन घराणी सांगितली, दोन खण सांगितले, शंभरवर थांबलो ते सांगितलं. "तुम्ही सकाळी फोन केला होता! मला सगळं ऐकू आलं होतं! लाइन चांगली होती!"

 ओरडून झालं तेव्हा कोणाचा तरी रेडिओ तेवढा ऐकू येत होता.

रशीदभाईंनी कानावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "म्हंजे उर्दूवाल्यानं लिहिलं अन् मराठीवाल्यानं वाचलं."

"तसंच!" मी ओरडलो.

"त्याच दिवशी माह्या लक्षात आलतं, तीन रांगा एकात एक घुसल्या म्हनून. एक याच्यातली, एक त्याच्यातली. गेटावर सांगतलं असतं. पन तुमाले तं ऐकूच येत नव्हतं."

मी मान खाली घातली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, मीही माफी मागितली नाही. सुनेनं चहा आणला. तिचे डोळे ओले होते, पण कपबशी तिनं माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवली, आणि ते बरोबरच होतं. गल्लीतली माणसं हळूहळू पांगली. त्यातला एक जण जाता जाता ओट्यापाशी थांबला आणि म्हणाला, "सलाम, रशीदचाचा." मघाशी मला घर दाखवणाराच तो.

निघताना मी चपला घातल्या. घसा बसला होता, आवाज निघत नव्हता. त्यांच्याकडे पाठ होती. स्वतःशीच पुटपुटल्यासारखं मी म्हणालो, "येतो मी, रशीदभाई."

"सांभाळून जा साहेब," मागून उत्तर आलं. "साडेपाचची गाडी निघून जाईन."